बुडालेल्या जगाची गोष्ट : डोळ्यांसाठी की मनासाठी?

प्रलयानंतरची, समुद्राने गिळलेली पृथ्वी हा जपानी अॅनिमेचा जुना आवडता विषय. संगणकाने पाण्याखालचे जग रंगवणे सोपे केले आणि या कलाकृती अधिकाधिक देखण्या होत गेल्या. कथेचे मात्र काय झाले, हा प्रश्न रसिकांमध्ये वारंवार उपस्थित होतो. चार गाजलेल्या कलाकृतींच्या आधारे या प्रश्नाचा घेतलेला हा वेध.

महानगर पाण्याखाली गेले आहे. इमारतींचे वरचे मजले तेवढे लाटांच्या वर डोकावत आहेत आणि त्या भग्नावशेषांत तेत्सू हायामी नावाचा एक माजी पाणबुडीचालक मिळेल ते शोधून दिवस कंठतो आहे. मायुमी किनो ही तरुण अधिकारी त्याला पुन्हा युद्धावर बोलावण्यासाठी येते. १९९८ साली जपानमध्ये प्रकाशित झालेल्या 'ब्ल्यू सबमरीन नंबर ६' या मालिकेचा हा आरंभ. आज पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यानंतरही या मालिकेविषयी बोलताना दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, 'काय दृश्ये आहेत!' आणि दुसरे, 'पण गोष्ट अपुरी वाटते.' या दोन वाक्यांमधील अंतर हाच या संपूर्ण प्रकारातील कळीचा मुद्दा आहे.

प्रलयाच्या कथांचे जपानला असलेले आकर्षण समजण्यासारखे आहे. भूकंप आणि त्सुनामी यांच्या छायेत जगणारे हे द्वीपराष्ट्र. साक्यो कोमात्सु यांची 'जपान सिंक्स' ही कादंबरी १९७३ मध्ये आली, ती तडाखेबंद खपली आणि त्याच वर्षी तिच्यावर चित्रपटही निघाला. 'ब्ल्यू सबमरीन'चे मूळ त्याहूनही जुने, म्हणजे सातोरू ओझावा यांच्या १९६७ मधील चित्रकथेत आहे. विषय नवा नव्हता. नवे होते ते साधन.

संगणकाची करामत

'गॉन्झो' या स्टुडिओने माहिरो माएदा यांच्या दिग्दर्शनाखाली ही मालिका चार भागांत तयार केली. ती दूरचित्रवाणीसाठी नव्हती, थेट व्हिडिओवर विकण्यासाठी होती. पहिला भाग ऑक्टोबर १९९८ मध्ये आणि चौथा मार्च २००० मध्ये आला. हाताने रेखाटलेली पात्रे आणि संगणकावर उभारलेल्या त्रिमितीय पाणबुड्या यांचा मोठ्या प्रमाणावर मेळ घालणाऱ्या अगदी सुरुवातीच्या अॅनिमेंमध्ये तिची गणना होते.

पाण्याखालचे दृश्य कागदावर रेखाटणे हे चित्रकाराची परीक्षा पाहणारे काम असते. जमिनीवर वर-खाली, पुढे-मागे यांचे भान आपोआप येते. पाण्यात क्षितिज नसते आणि सावल्या धूसर होतात. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच क्षीण होतो आणि खोल जावे तसा निळाच तेवढा उरतो. अशा पोकळीत पाणबुडीने वळण घेतले, की तिची प्रत्येक बाजू वेगळ्या कोनातून पुन्हा काढावी लागते. संगणकाने हे कष्ट वाचवले. एकदा पाणबुडीचा त्रिमितीय साचा तयार झाला, की कॅमेरा तिच्याभोवती हवा तसा फिरवता येतो. धातूचे टणक पृष्ठभाग संगणकाला चांगले साधत असल्यामुळे युद्धनौका हा त्या काळच्या तंत्राला मानवणारा विषय ठरला.

तथापि या तंत्राची एक मेख होती. जपानी हस्तरेखाटनात सेकंदाच्या चोवीस चौकटींसाठी अनेकदा आठच चित्रे काढली जातात. संगणकाची आकृती मात्र प्रत्येक चौकटीत हलू शकते. दोन्ही एकाच दृश्यात आल्या, की पात्र एका लयीत आणि यंत्र दुसऱ्याच लयीत हलताना दिसते. १९९८ मध्ये जे विस्मयकारक वाटले, तेच आज जुने दिसते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. तंत्राच्या बळावर दिपवणाऱ्या प्रत्येक दृश्याला हा शाप असतो. पुढचे तंत्र येताच त्याची झळाळी ओसरू लागते.

प्रश्न मोठा, वेळ थोडा

मग या मालिकेत टिकाऊ असे काय आहे? झॉर्नडाइक नावाच्या शास्त्रज्ञाने ध्रुवीय बर्फ वितळवून जग बुडवले आहे. मनुष्य आणि प्राणी यांच्या संकरातून त्याने नवे जीव घडवले असून त्यांनी उरल्यासुरल्या मानवजातीशी युद्ध मांडले आहे. इथवर ही सरळ साहसकथा आहे. पण पहिल्याच भागात हायामीला शत्रूच्या बाजूची म्युटिओ ही जलकन्या सापडते. तो तिला मारत नाही, वाचवतो. पुढे तीही त्याला वाचवते. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही आणि संवाद जवळजवळ नाहीत. संपूर्ण मालिकेचा आशय या निःशब्द प्रसंगांत सामावला आहे. ज्याला आपण राक्षस म्हणतो त्याला पाण्याबाहेर धाप लागते, तो घाबरतो, हे एकदा पाहिल्यावर त्याच्यावर पाणतीर सोडता येईल का?

शेवटच्या भागात हायामी थेट झॉर्नडाइकसमोर उभा राहतो आणि हाच प्रश्न जगाच्या पातळीवर विचारला जातो. हे जीव म्हणजे केवळ सैन्य आहे, की मानवाशेजारी जगण्याचा हक्क असलेली नवी प्रजा? प्रश्न खरोखर मोठा आहे. पण मालिकेची एकूण लांबी साधारण दोन तास असून त्यातील मोठा वाटा सागरी लढायांनी व्यापला आहे. या नव्या जीवांचे घर, त्यांची आपसांतील नाती, झॉर्नडाइकला पित्यासमान मानणाऱ्या व्हर्ग या सेनापतीच्या मनातील द्वेष आणि गोंधळ यांच्या वाट्याला मोजकीच मिनिटे येतात. प्रेक्षकाला निष्कर्ष सांगितला जातो. तो त्याच्या मनात पिकू दिला जात नाही.

याला व्यवसायाचे गणितही कारणीभूत होते. एकेक भाग महिनोन्महिन्यांच्या अंतराने विकत घेणाऱ्या ग्राहकाला प्रत्येक वेळी काहीतरी दिपवणारे देणे भाग होते. लढाई हे अशा व्यवहारात खात्रीचे नाणे असते.

एका श्वासाची किंमत

याच्या नेमके उलट उदाहरण वीस वर्षे आधीचे आहे. हायाओ मियाझाकी यांची 'फ्यूचर बॉय कोनान' ही २६ भागांची मालिका १९७८ मध्ये 'एनएचके' या जपानी सार्वजनिक वाहिनीवर प्रसारित झाली. महायुद्धातील शस्त्रांनी खंड समुद्रात बुडाले आहेत आणि एका बेटावर कोनान हा मुलगा आजोबांबरोबर राहतो. लाना ही मुलगी लाटांबरोबर किनाऱ्याला लागते आणि कथा सुरू होते. येथे संगणक नाही. दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकात बसवलेले साधे हस्तरेखाटन आहे.

तरीही तिच्यातील पाण्याखालचा एक प्रसंग आजही रसिकांच्या आठवणीत आहे. हातापायांत बेड्या असलेला कोनान तळाशी अडकला आहे. लाना वर जाते, श्वास भरून घेते, पुन्हा खाली येते आणि तोंडाने त्याला हवा देते. या दृश्यात पाणी शोभेसाठी नाही. ते वेळ मोजते आहे. पृष्ठभागापर्यंतचे अंतर, छातीतली हवा आणि एका मुलीचा निश्चय या तीन गोष्टींवर सारा ताण उभा आहे. हे दृश्य वगळले, तर दोघांमधील विश्वास दाखवण्यासाठी पानभर संवाद लिहावे लागले असते. नेत्रसुख आणि कथा यांची येथे फारकतच होत नाही.

म्हणूनच हे दोन घटक तराजूच्या दोन पारड्यांत टाकण्याची पद्धत फसवी आहे. एक वाढले की दुसरे कमी होते, असा काही नियम नाही. अधिक उपयोगी कसोटी वेगळी आहे. हे दृश्य काढून टाकले तर कथेचे काय बिघडेल? काहीच बिघडत नसेल, तर ते कितीही देखणे असले तरी सजावट आहे.

लेखक एक, निकाल दोन

ही कसोटी अलीकडच्या काळातील दोन कलाकृतींना लावून पाहता येते. दोन्हींच्या लेखनात गेन उरोबुची हेच नाव आहे. 'गार्गान्टिया ऑन द व्हर्ड्युरस प्लॅनेट' ही २०१३ मधील १३ भागांची मालिका. अंतराळातील युद्धासाठी लहानपणापासून घडवलेला लेडो हा सैनिक समुद्रमय झालेल्या पृथ्वीवर येऊन पडतो आणि एकमेकांना जोडलेल्या जहाजांच्या तरंगत्या नगरात राहू लागतो. आरंभीचे अनेक भाग तेथील लोकांचे कामधंदे, खाणेपिणे, चालीरीती यांत जातात. हा संथपणा पुढे व्याजासह वसूल होतो. नवव्या भागात लेडो समुद्राच्या तळाशी उतरतो आणि ज्यांना तो आयुष्यभर किळसवाणे शत्रू मानत आला, ते मूळचे मानवच होते, हे त्याला कळते. खोली येथे केवळ भौगोलिक राहत नाही. सत्य तळाशी गाडलेले आहे आणि ते पाहण्यासाठी खाली जावेच लागते. 'ब्ल्यू सबमरीन'ने विचारलेल्या प्रश्नाच्याच कुळातला हा प्रश्न. फरक इतकाच, की येथे त्याला रुजायला आठ भागांची जमीन मिळाली आहे.

दुसरी कलाकृती म्हणजे तेत्सुरो आराकी दिग्दर्शित 'बबल' हा २०२२ मधील चित्रपट. जगावर बुडबुड्यांचा वर्षाव होतो, टोकिओ अर्धे पाण्यात जाते, गुरुत्वाकर्षण बिघडते आणि तेथे राहिलेली मुले इमारतींवरून उड्या मारण्याच्या शर्यती लावतात. रंग, प्रकाश आणि वेग यांबाबत हा चित्रपट थक्क करतो. जलपरीच्या प्रसिद्ध परीकथेचा आधार घेऊन हिबिकी हा मुलगा आणि उटा ही बुडबुड्यातून जन्मलेली मुलगी यांची प्रेमकथा तो सांगतो. स्पर्श होताच तिचे शरीर विरघळू लागते, ही कल्पना सुंदर आहे. दृश्य आणि कथा तिथे एकरूप होतात. मात्र बुडालेले शहर हे बहुतांशी शर्यतीचे मैदान ठरते. येथे कोण राहत होते, काय गमावले गेले, याचे ओझे मुलांच्या उड्यांवर क्वचितच जाणवते.

ही तक्रार निव्वळ कलेच्या चौकटीतील नाही. १९९८ मध्ये बर्फ वितळवण्यासाठी एका माथेफिरू शास्त्रज्ञाची कल्पना करावी लागली होती. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीच्या २०२१ मधील अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे आणि किमान १९७१ पासूनच्या वाढीमागे मानवी प्रभाव हेच मुख्य कारण असण्याची दाट शक्यता त्यात नोंदवलेली आहे. अशा काळात जलमय नगराचे चित्र केवळ रम्य होऊन उरले, तर विनाशाकडे सहलीच्या नजरेने पाहण्याची सवय लागते. निळ्या प्रकाशात न्हालेले ओसाड रस्ते सुंदर दिसतात, कारण त्यांत माणसे दिसत नाहीत. ती माणसे परत आणण्याचे काम कथेला करावे लागते.

'ब्ल्यू सबमरीन'ला अपयशी म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. तिच्या पाणबुड्यांची चकाकी काळाने पुसट केली, पण जलकन्येला पाण्यात परत सोडणारा हायामी पुसट झालेला नाही. ज्या दृश्यांसाठी ती विकली गेली ती जुनी झाली आणि ज्या दृश्यात दोन जीव एकमेकांकडे पाहतात ते टिकले. कोनानला तळाशी मिळालेला तो एक श्वासही असाच टिकून आहे. पाण्याखालच्या जगात नेणारी पुढची कलाकृती पाहताना किती खोल नेले, हे पाहावेच. त्याहून अधिक, तेथे कोणाचा श्वास अडकला आहे, हे पाहावे.