माउली आणि मावशी

शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, अशी परंपरा आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील या गावी पैसाच्या खांबापुढे हात जोडणारा भाविक ज्ञानेश्वरांना 'माउली' म्हणतो आणि घरी आईच्या बहिणीला 'मावशी' अशी हाक मारतो. हे दोन्ही शब्द संस्कृत 'मातृ'चीच लेकरे होत.

प्राकृतात स्वरांमधला 'त' लोपला, 'ऋ'चा 'उ' झाला आणि 'मातृ'चे 'माउ' बनले. त्याला 'ल'कारी प्रत्यय लागून 'माउली' झाली. मावशीची वाट अधिक वळणाची आहे. तिचे मूळ 'मातृष्वसृ'. 'स्वसृ' म्हणजे बहीण; 'मातृ'शी समास होताना तिच्यातील 'स'चा 'ष' होतो, असा पाणिनीचा नियम. गंमत अशी की, रूपे चालवताना या दोन शब्दांचे पटत नाही. 'मातृ'चे अनेकवचन 'मातरः', 'स्वसृ'चे मात्र 'स्वसारः'. समासाच्या अंती 'स्वसृ' असल्याने तिचेच चालते आणि रूप 'मातृष्वसारः' होते.

बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या व्याकरणात 'माउसिआ' व 'माउच्छा' ही प्राकृत रूपे आहेत. मराठीने पहिले घेतले. 'ई'पूर्वी 'स'चा 'श' होण्याची मराठीची सवय असल्याने 'मावशी' झाली; पुढे 'ई' नाही तेथे 'मावसभाऊ'त जुना 'स' टिकून आहे. एकटी 'स्वसृ' मराठीतून नाहीशी झाली, तिची जागा 'भगिनी'पासून आलेल्या 'बहीण' शब्दाने घेतली. 'मावसबहीण' म्हणताना आपण बहीण दोनदा म्हणतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

वडिलांच्या बहिणीचे काय? 'पितृष्वसृ'चे प्राकृतात 'पिउसिआ' झाले खरे, पण प्रमाण मराठीत तिला वारस उरला नाही. तेथे 'आत्या' आली. तिचे सगेसोयरे दक्षिणेत आहेत: कानडीत 'अत्ते', तमिळमध्ये 'अत्तै'. तेथे या शब्दाने आत्या आणि सासू दोघींचाही बोध होतो. आपल्याकडेही जुन्या वळणाच्या घरांत सून सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्यांना 'मामंजी' म्हणे. मामाची मुलगी सून करून आणण्याची चाल असलेल्या समाजात हे अगदी स्वाभाविक होते. त्या मुलीची सासू तिची सख्खी आत्याच असे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेव्यवस्थांची तुलना करताना महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्यामधील प्रदेशात गणले. मराठी घरात मावशी उत्तरेच्या वाटेने आली आहे, आत्या दक्षिणेच्या.