रोजचे सव्वापाच पैसे

5 कोटी 70 लाख! दारूच्या त्रासातून बाहेर पडायला ज्यांना मदत हवी आहे, अशी भारतातली ही माणसे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या पाहणीतला हा आकडा, 2019 साली जाहीर झालेला. वाचून डोळ्यांपुढे काही येत नाही ना? मग या सगळ्यांना मुंबईच्या लोकलमध्ये चढवू या. ऐन गर्दीत बारा डब्यांच्या एका गाडीत पाच हजार माणसे कोंबलेली असतात. त्या हिशेबाने गाड्या लागतील 11,400! एक गाडी साधारण पाव किलोमीटर लांब. साऱ्या एकीला एक लावून उभ्या केल्या, तर रांग होते 2,850 किलोमीटरची. मुंबई-पुणे लोहमार्ग 192 किलोमीटरचा. म्हणजे हा मार्ग जवळपास पंधरा वेळा गाड्यांनी भरून जाईल!

आता गोव्यात उतरू. त्याच पाहणीत 10 ते 75 या वयोगटात दारू पिणाऱ्यांचे प्रमाण देशात 14.6 टक्के, तर गोव्यात 28. जवळपास दुप्पट! 2011च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14,58,545. त्यावरून पिणारे निघतात साडेतीन लाखांच्या आसपास. समजा, यातला प्रत्येक जण आठवड्याला एकच क्वार्टर घेतो. फक्त 180 मिलिलिटर. बेरीज किती? 63,000 लिटर! दहा फूट रुंद आणि तीस फूट खोल अशी आपल्या वाडीतली विहीर डोळ्यांपुढे आणा. ती जवळजवळ काठोकाठ भरते. दर आठवड्याला एक विहीर. वर्षाला बावन्न विहिरी!

आणि उपचार? व्यसनात पुरते अडकलेल्या 38 जणांमागे कसल्या ना कसल्या उपचारापर्यंत पोहोचलेला माणूस एक. डेक्कन क्वीनच्या वातानुकूलित चेअर कारमध्ये 78 आसने असतात. सगळी भरली, तर त्या डब्यात उपचार मिळालेले जेमतेम दोघे. दाखल होऊन उपचार घेतलेला माणूस हवा असेल, तर असे दोन डबे पालथे घालून तिसऱ्यात शिरावे लागेल. ते प्रमाण 180मागे एक!

चला उत्तर गोव्यातल्या पेडणे आणि डिचोलीला. 2011च्या जनगणनेत पेडणे तालुक्यात 75,747 माणसे, डिचोलीत 97,955. दोन्ही मिळून 1,73,702. गोव्याचे जास्तीचे प्रमाण बाजूला ठेवा, देशाची सरासरीच लावा. तरी मदतीची गरज असलेले सात हजार निघतात. लोकल भरून उरलेले दोन हजार फलाटावर!

या सात हजारांसाठी पैसा किती? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या केंद्रीय निकषांत एका जिल्ह्याला वर्षाला कमाल 83 लाख 20 हजार रुपये. ऐकायला भरभक्कम. पण उत्तर गोव्याची लोकसंख्या 8,18,008. भागाकार करा: माणशी वर्षाला दहा रुपये! त्यात नैराश्य आले, स्किझोफ्रेनिया आला आणि दारूही आली.

त्याच पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ उभा आहे. उद्घाटन 11 डिसेंबर 2022, खर्च सुमारे 2,870 कोटी. विमानतळ हवाच, वाद नाही. पण त्या रकमेत एका जिल्ह्याचा हा कार्यक्रम किती वर्षे चालेल? 3,449 वर्षे! पोर्तुगीज गोव्यात आले 1510 साली. तेव्हापासून आजवरचा काळ घ्या, त्याची सहापट करा, तरी पैसे शिल्लक राहतील.

आता उपचाराचा वेळ मोजू. ‘संगाथ’ ही 1996पासून गोव्यात काम करणारी संस्था. तिने गोव्याच्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, प्रशिक्षण देऊन तयार केलेले. बैठका जास्तीत जास्त चार, प्रत्येकी साधारण पाऊण तासापर्यंत. किती पितोस, कधी पितोस, मित्राने ग्लास पुढे केला तर नाही कसे म्हणायचे, तलफ आली की काय करायचे, एवढेच बोलणे. चार बैठकांचे मिळून तास तीन. डेक्कन क्वीनला मुंबईहून पुण्याला पोहोचायला याहून थोडा जास्तच वेळ लागतो! तीन महिन्यांनी पाहिले, तर नेहमीच्या उपचारांनी धोक्याच्या पातळीखाली आलेले पुरुष शंभरात 26 आणि या बैठका मिळालेल्यांत 36.

मग गुणाकार करू. सात हजार माणसे गुणिले तीन तास, म्हणजे 21,000 तास. एक समुपदेशक दिवसाला पाच तास आणि वर्षाला 250 दिवस बसला, तर त्याचे तास होतात 1,250. माणसे लागतील किती? सतरा! अवघी सतरा! कदंब महामंडळाच्या छोट्या बसमध्ये सगळी बसतील आणि वर जागा उरेल. तुये, कासारवर्णे, साखळी, जिथे आरोग्य केंद्र आहे तिथे त्यांना उतरवायचे. पुरते अडकलेल्यांना डॉक्टर, औषधे आणि खाट लागेल, तो खर्च वेगळा. पण पहिले दार ही सतरा माणसे उघडतील.

महिना 25,000 रुपये पगार धरा. वर्षाचे झाले 51 लाख. जिल्ह्याची ती रक्कम लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली आणि सगळी याच कामाला लावली, तरी या दोन तालुक्यांच्या वाट्याला येतात सुमारे पावणेअठरा लाख. कमी पडतात सव्वातेहेतीस लाख. ते माणशी वाटले, तर वर्षाला 19 रुपये. रोजचे? सव्वापाच पैसे!

हा पैसा कुठून आणायचा? पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांत आरोग्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांना सुचवलेले अनुदान होते 70,051 कोटी रुपये. एकशे चाळीस कोटींत वाटले, तर माणशी 500, म्हणजे वर्षाला 100 रुपये. ते उपकेंद्रांच्या इमारतींसाठी होते, तपासण्यांच्या सोयींसाठी होते, ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणवल्या जाणाऱ्या सरकारी आरोग्य केंद्रांसाठी होते. त्या मंदिरांनी द्यायच्या बारा सेवांत मानसिक आरोग्यही आहे. भिंतींना पैसा मिळाला, यंत्रांना मिळाला. आपल्याला हवेत त्या शंभरातले 19. पुढच्या ग्रामसभेत गटार आणि पथदिवे झाले, की हात वर करा आणि सरपंचांना विचारा: आमचे सव्वापाच पैसे कोणत्या खात्यात?