रोपे कोणती, किती आणि कधी?

पेडगाव हे परभणी तालुक्यातले, परभणी-मनमाड रेल्वेमार्गावरचे गाव. अशा गावात भाजीपाल्याची रोपवाटिका टाकायची, तर बी विकत घेण्याआधी आसपासचे शेतकरी काय आणि कोणत्या आठवड्यात लावणार, हे विचारून घ्यावे लागते.

टोमॅटो, फुलकोबी, पत्ताकोबीची रोपे साधारण 25 ते 30 दिवसांत, वांगी-मिरचीची 35 ते 40 दिवसांत, तर कांद्याची 45 ते 50 दिवसांत लागवडीस येतात. लागवडीच्या तारखेपासून तेवढे दिवस मागे मोजून बी टाकावे. पाऊस लांबला तरी ट्रेमधले रोप वाढतच राहते. मुळ्या गुंडाळतात, शेंडा लांबतो आणि असे रोप शेतात लवकर सावरत नाही. म्हणून सगळे बी एकदम न टाकता आठ-दहा दिवसांच्या अंतराने टाकणे शहाणपणाचे.

फुलकोबीत वाणाची चूक महागात पडते. तिचा गड्डा धरणे तापमानावर अवलंबून असते. लवकर येणारा वाण थंडीत उशिरा लावला तर गड्डा बटणाएवढाच राहतो. उशिराचा वाण उन्हाळी दिवसांत लावला तर नुसती पाने वाढत राहतात. चूक कळेपर्यंत हंगाम गेलेला असतो.

भेंडीचे सोटमूळ हलवलेले सोसत नाही, म्हणून ती थेट शेतातच पेरतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' ही केवडा रोगाला प्रतिकारक भेंडी देशभर गेली, तीही बियाण्याच्या रूपाने. मेथी, पालकाचेही तेच.

सर्वांत मोठी जोखीम विषाणूची. पांढरी माशी रोपवाटिकेतच टोमॅटोला पर्णगुच्छ रोग देऊ शकते. रोप वरून हिरवे दिसते, रोग पुढे शेतात उघडा पडतो आणि त्यावर औषध नाही. बारीक छिद्रांची कीडरोधक जाळी, दुहेरी दार आणि वाफ्याभोवती तणमुक्त जागा हाच उपाय. विक्रीआधी चार-पाच दिवस पाणी कमी करून रोपे उन्हाला सरावू द्यावीत.

थोडी रोपे परसबागेसाठीही ठेवावीत. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान 400 ग्रॅम फळे-भाज्या खाण्यास सांगते. वांग्याची चार आणि मिरचीची सहा रोपे दारात लावली, तरी त्यातला थोडा वाटा घरच्या घरी निघतो.