ज्ञानाचे भामाशाह

जयपूर म्हटले की हवामहल आणि जंतरमंतर डोळ्यांपुढे उभे राहतात. याच नगरीत २०१८ साली राजस्थान सरकारने नवउद्योजकांसाठी ‘भामाशाह टेक्नो हब’ उघडले. आपली संपत्ती राणा प्रतापांच्या हवाली करणारा, अशी ज्याची ख्याती, त्या भामाशाहाचे हे नाव. आपले ज्ञान तसेच विनामूल्य देणारेही जयपुरात आहेत.

संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्यांचे ‘जीडीजी जयपूर’ हे मंडळ गूगलच्या नावाने चालते. पण त्याचे चालक स्वयंसेवक आहेत. अशा मंडळांतून शिकविणारे ‘गूगल डेव्हलपर एक्स्पर्ट’ही गूगलचे नोकर नव्हेत. मायक्रोसॉफ्टने तर १९९३ पासूनच अशा निरपेक्ष साहाय्यकांना ‘एमव्हीपी’ हा किताब देण्यास आरंभ केला.

नवशिक्याची आज्ञावली अडली की जाणकार बहुधा आयते उत्तर देत नाही. शेकडो ओळी नकोत. चूक ज्या मोजक्या ओळींत पुन्हा घडते तेवढ्याच आणा, आणि यंत्राने दाखविलेला संदेश जसाच्या तसा, ही त्याची अट. गंमत अशी की ओळी गाळता गाळता पुष्कळदा विद्यार्थ्यालाच चूक सापडते!

या फुकट श्रमांचा लाभ धनाढ्य कंपन्यांना होतो, हा आक्षेप रास्त आहे. पण ज्याच्या गावी विचारावे असे कोणीच नाही, त्या मुलाला येथे कोणीतरी शेजारी बसवून घेतो.