निसर्गाचा भेद, समाजाचे मोल

स्त्री आणि पुरुष यांच्यातील काही भेद निसर्गनिर्मित आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु भेद असणे वेगळे आणि त्यावरून एकाचे मोल अधिक व दुसऱ्याचे उणे ठरविणे वेगळे. भेद निसर्गाचा असतो, मोल समाज ठरवितो. भारतातील जनगणनेच्या आकड्यांवरून हे स्पष्ट होते.

सर्वसाधारणपणे दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मास येतात. मात्र सारखेच अन्न व सारखीच शुश्रूषा मिळाल्यास तान्ह्या वयात मुलींपेक्षा मुलगेच अधिक दगावतात आणि कालांतराने स्त्रियांची संख्या पुरुषांच्या बरोबरीस येते. भारतात याच्या उलट घडले. १९०१ साली दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ साली ९३० उरल्या. बाळंतपणातील मृत्यू हे त्याचे एक कारण होय. परंतु लहान मुलींच्या मृत्यूंचा उलगडा त्याने होत नाही. त्यासाठी घरात कोणाच्या ताटात काय वाढले जाते आणि आजारपणात वैद्याकडे कोणाला नेले जाते, हेच पाहावे लागते.

ही तूट सर्वत्र सारखी नव्हती. १९७१ साली पंजाबात हे प्रमाण ८६५, तर केरळात १०१६ होते. अर्थशास्त्रज्ञ प्रणब बर्धन यांनी १९७४ साली या तफावतीचा संबंध शेतीच्या पद्धतीशी जोडला. दक्षिणेकडील व पूर्वेकडील भातशेतीत रोपांची लावणी प्रामुख्याने स्त्रिया करीत; वायव्येकडील गव्हाच्या शेतीत त्यांच्या श्रमांना तेवढी मागणी नव्हती. केरळातील नायर आदी समाजांत तर वारसाही मातृकुळातून चालत असे. अर्थात, घरात पाणी भरणारी, दळणकांडण करणारी वायव्येकडील स्त्री काही निष्क्रिय नव्हती. तिच्या कष्टांना मजुरी नव्हती, म्हणून ते कष्ट हिशेबात धरले जात नसत. हुंड्याचा खर्च मात्र धरला जाई.

संपत्ती व शिक्षण वाढले की हा हिशेब आपोआप बदलेल, ही अपेक्षाही फोल ठरली. गर्भजलपरीक्षा व पुढे सोनोग्राफी हाती येताच गर्भातच निवड होऊ लागली. महाराष्ट्राने १९८८ साली व केंद्राने १९९४ साली तिच्याविरुद्ध कायदे केले. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण १९८१ मधील ९६२ वरून २००१ साली ९२७ वर आले आणि २०११ साली आणखी खाली गेले.

पंजाबातील स्त्री आणि केरळातील स्त्री यांच्या शरीरधर्मात भेद नाही. भेद आहे तो वारसा, विवाह आणि श्रम यांविषयीच्या रूढींत. रूढी माणसांनी घडविल्या आहेत. म्हणून त्या बदलण्याचे उत्तरदायित्वही त्यांना निसर्गावर ढकलता येणार नाही.