अंगणातील निखारे व खेकड्याच्या नांग्या

मृगाच्या सरी बरसून चंदेरी-तावलीच्या डोंगरांतील ओहळ वाहू लागले, म्हणजे बदलापूर, वांगणी ह्या बाजूंस ठाकूर व कातकरी समाजांतील बाया जिवंत खेकडे विकावयास घेऊन बसतात. ह्या दिवसांत आमच्या भागातील पुष्कळ घरांत खेकड्यांचा रस्सा शिजतो. रस्सा करण्याची रीत प्रत्येक मातेस ठाऊक असते. तीविषयी तिला चार शब्द सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु खेकड्याचे पाय व नांग्या मसाला लावून अंगणात निखाऱ्यांवर भाजण्याची जी दुसरी रीत आहे, ती बहुधा मुलांच्या व तरुणांच्या हाती असते. तिच्यात गोडी पुष्कळ आहे, थोडे शास्त्र आहे आणि थोडा धोकाही आहे. तो धोका डोळ्यांस दिसत नाही, म्हणूनच आज ह्या विषयावर लिहावयाचे आम्ही योजिले आहे.

आमच्या बाजारांत येणारे खेकडे दोन जातींचे असतात. ओढ्यांत, शेताच्या बांधांत व नदीकाठच्या बिळांत राहतो तो मुठा. आणि कल्याणच्या खाली खाडीच्या चिखलात, तिवरांच्या मुळांशी राहते ती चिंबोरी. मुठा गोड्या पाण्याचा, चिंबोरी खाऱ्या पाण्याची. ओळख पाहिजे असल्यास मागच्या पायांची जोडी पाहावी. चिंबोरीचा शेवटचा पाय वल्ह्यासारखा चपटा असतो, कारण तिला पोहावयाचे असते. मुठ्याचे सर्व पाय टोकदार असतात, कारण त्याला खडकावर चढावयाचे व जमीन उकरावयाची असते. दख्खनच्या मुठ्यांचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स व वेस्टवुड ह्या इंग्रज संशोधकांनी १८३६ साली प्रसिद्ध केले. त्यांतील एका जातीस त्यांनी दिलेल्या लॅटिन नावात सशासारखे बीळ करणारा असा अर्थ आहे. ज्याने बांधावरच्या बिळात हात घालून बोट चिमटून घेतले आहे, त्यास हे नाव किती समर्पक आहे ते सांगावयास नको.

खेकडा कोणत्या पाण्यातला, हा प्रश्न मसाल्याच्या प्रश्नाच्या फार आधी येतो. उल्हास नदीला मिळणारे डोंगरातील ओढे निराळे आणि वालधुनी निराळी. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० मध्ये, जिच्या काठी उभे राहिले, तीच ही वालधुनी. पुढे ती उल्हासनगरातून वाहत कल्याणकडे जाते. कारखान्यांच्या सांडपाण्याने तिची जी दशा झाली आहे ती आमच्या वाचकांस रोज पूल ओलांडताना दिसते. २०१४ च्या नोव्हेंबरात तिच्या पात्रात ओतलेल्या रसायनांच्या वाफेने उल्हासनगरातील अनेक माणसांस इस्पितळात न्यावे लागले होते. अशा पाण्यातील खेकडा जिवंत व धडधाकट दिसला तरी खाऊ नये. जंतू अग्नीने मरतात. शिसे, पारा, कॅडमियम हे धातू मरत नाहीत. ते खेकड्याच्या अंगात, विशेषतः पाठीच्या कवचाखालील पिवळट-तपकिरी मऊ भागात, साठत जातात. पायांच्या मांसात ते त्या मानाने कमी असतात हे खरे, परंतु कमी म्हणजे मुळीच नाही असे नव्हे. म्हणून विकणाऱ्या बाईस, ‘मावशी, कुठल्या पाण्यातले?’ असे विचारण्यास संकोच करू नये. ती रात्रभर ओढ्यातून हिंडून आलेली असते व तिला तिच्या ओढ्याचे नाव ठाऊक असते.

खेकडा जिवंतच घ्यावा. मेल्यावर त्याचे मांस फार लवकर नासते आणि शिजवल्यानेही ती नासाडी भरून येत नाही. हातात घेता जड लागेल तो भरलेला. दिसावयास मोठा पण हलका असेल तो नुकतीच कात टाकलेला, त्याच्या पायांत पाणीच पुष्कळ असते. अमावस्येची चिंबोरी भरलेली व पौर्णिमेची पोकळ, असे कोळी व आगरी लोक सांगतात. आम्ही तिथीपेक्षा तळहातावर अधिक भरवसा ठेवतो. आणखी एक गोष्ट. खेकडा उलटा करून पोटावरची पट्टी पाहावी. नराची अरुंद व टोकदार, मादीची रुंद व गोल. मुठ्याची मादी आपली अंडी व अंड्यांतून निघालेली चिमुकली पिले ह्याच पट्टीखाली बाळगते. खाडीच्या खेकड्यांची पिले प्रथम कीटकासारख्या निराळ्या रूपात समुद्रात तरंगत राहतात. मुठ्याची पिले मात्र जन्मतःच आईच्या आकृतीची असतात. अशी पोटाशी पिले असलेली मादी मुलांनी ओढ्यात पकडली तर तिला तेथेच सोडून द्यावी. पुढच्या वर्षीचे खेकडे त्या पट्टीखाली असतात.

आता घरातील काम. खेकडे बर्फात अर्धा तास ठेवावे, म्हणजे ते निपचित पडतात; मग पोटाच्या बाजूने टोकदार सुरी खोल खुपसून त्यांचा अंत करावा. जिवंत खेकड्याचे पाय ओढून तोडणे हे क्रौर्य आहे, आणि मुलांसमोर तर ते मुळीच करू नये. खेकड्याला दहा पाय, त्यांपैकी पुढची जोडी म्हणजे नांग्या. चौघांच्या घरास पावशेर वजनाचे चार खेकडे घेतले तर आठ नांग्या व बत्तीस पाय हाती येतात. ते ब्रशाने घासून सांध्यांतील चिखल काढावा. पायांची बारीक टोके कापून वेगळी ठेवावी. त्यांचा उपयोग पुढे सांगतो.

येथे आमच्या मुख्य मुद्द्यावर आलो. कच्ची नांगी निखाऱ्यावर ठेवली की दोन-तीन मिनिटांत ती लालभडक होते, आणि मुले ‘झाली, झाली’ म्हणून उचलतात. ती झालेली नसते. खेकड्याच्या कवचात एक लाल रंगद्रव्य मुळातच असते; जिवंतपणी ते एका प्रथिनाशी बांधलेले असल्यामुळे काळपट वा हिरवट दिसते. उष्णतेने ते प्रथिन मोडले की लाल रंग मोकळा होतो. म्हणजे लाली ही कवच तापल्याची खूण आहे, आतले मांस शिजल्याची नव्हे. कवच हे जाड भांडे आहे. बाहेरून ते करपू लागले तरी सांध्याजवळचे मांस अर्धवट कच्चे राहू शकते.

अर्धवट कच्च्या खेकड्यातून काय होते? गोड्या पाण्यातील खेकड्यांत एका चपट्या कृमीची सूक्ष्म पिले असू शकतात. १८७८ साली आमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयातील बंगाली वाघाच्या फुप्फुसांत हा कृमी आढळला व त्या प्राणिसंग्रहालयाचा संचालक वेस्टरमन ह्याचे नाव त्यास मिळाले. त्याचा प्रवास मोठा विलक्षण आहे: रोग्याच्या थुंकीतून अंडी पाण्यात, तेथून गोगलगाईत, गोगलगाईतून खेकड्यात, आणि कच्च्या खेकड्यातून मनुष्याच्या पोटात. पोटातून तो आतडे भेदून फुप्फुसांत जाऊन राहतो. मग महिनोन् महिने खोकला येतो व थुंकीतून रक्त पडते. लक्षणे क्षयासारखी असल्यामुळे पुष्कळदा क्षयाचीच औषधे दिली जातात व गुण येत नाही. आपल्या देशात मणिपूर, नागालँड व अरुणाचल ह्या डोंगरी भागांत हा रोग विशेष आढळला आहे. प्राझिक्वांटेल नावाच्या औषधाने तो बरा होतो. पण वैद्यास खेकड्याची आठवण झाली पाहिजे! ज्याने पावसाळ्यात खेकडे भाजून खाल्ले आहेत व ज्याचा रक्ताचा खोकला हटत नाही, त्याने ती गोष्ट डॉक्टरांस अवश्य सांगावी.

चिंबोरीत हा कृमी नसतो, परंतु खाडीच्या पाण्यात पटकीचे जंतू असू शकतात. अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात १९७८ साली पुरते न शिजलेले खेकडे खाऊन पटकीची साथ उद्भवली होती. तेव्हा केलेल्या प्रयोगांत असे दिसले की अख्खा खेकडा आठ मिनिटे उकळला तरी आत जंतू जिवंत राहू शकतात. आठ मिनिटे उकळत्या पाण्यात जर असे, तर दोन मिनिटे निखाऱ्यावर काय होणार, हे वाचकांनीच ठरवावे.

ह्यावर उपाय अगदी सोपा आहे आणि त्याने चवही बिघडत नाही: आधी उकड, मग भाजणी. मोठ्या पातेल्यात पाणी, मीठ व हळद घालून खळखळ उकळी आणावी. पाय व नांग्या त्यात सोडल्यावर पाणी थंडावते. पुन्हा उकळी आली म्हणजे तेथून वेळ मोजावयास लागावे. मुठ्याच्या पायांस दहा मिनिटे, चिंबोरीच्या जाड नांग्यांस पंधरा. मग एक नांगी फोडून पाहावी. मांस काचेसारखे पारदर्शक न राहता सर्वत्र पांढरे झालेले असावे व कवचापासून सहज सुटावे. नंतर निखारा शिजविण्याचे काम करीत नाही. तो फक्त धुराचा वास व मसाल्यास खमंगपणा देतो. कच्चा खेकडा ज्या विळीवर व पाटावर हाताळला ती साबणाने धुवावी, आणि हातही. कृमीची पिले बोटांना चिकटूनही तोंडात जातात.

मसाल्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. प्रत्येक घराचा मसाला त्या घरास प्रिय. आमच्या पसंतीचे वाटण असे: लसणाच्या पंधरा पाकळ्या, दोन बोटे आले, चार हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, त्यात दोन चमचे आगरी मसाला, भिजवलेल्या आमसुलांचा कोळ, मीठ व दोन पळ्या तेल. उकडलेल्या नांग्यांवर वरवंट्याचा हलका ठोका द्यावा, इतका की कवचास चीर पडेल पण तुकडे होणार नाहीत. त्या चिरेतून मसाला आत शिरतो. अर्धा तास तसेच मुरू द्यावे. खोबरे मात्र ह्या वाटणात घालू नये. ते निखाऱ्यावर जळून कडू होते.

आगीस तीन दगड पुरतात. बाभळीची किंवा आंब्याची सुकी लाकडे पेटवून, ज्वाळा पूर्ण बसून निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर येईपर्यंत थांबावे. ह्या थांबण्यातच मुलांची खरी परीक्षा असते. ज्वाळेवर भाजले की मसाला काळा होतो. रॉकेल घालून आग पेटवू नये, त्याचा वास शेवटपर्यंत जात नाही. रंगविलेल्या फळ्या व खोक्यांची लाकडेही जाळू नयेत. पावसाची सर आली तर शेगडी पडवीत सरकवावी, पण बंद खोलीत कधीही नेऊ नये. उल्हासनगर-अंबरनाथच्या इमारतींतून राहणाऱ्या पालकांस हे मुद्दाम सांगतो, कारण ज्यास अंगण नाही त्यास गॅलरीचे दार लावून घेण्याचा मोह होतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. त्याने माणूस झोपेतच जातो. अंगण नसेल तर उघडी गच्ची बरी, आणि तीही नसेल तर घरातील तवा काही वाईट नाही.

निखाऱ्यांवर जाळी ठेवून नांग्या एका बाजूस तीन मिनिटे, मग उलटून तीन मिनिटे भाजाव्या. पायांस त्याच्या निम्मा वेळ पुरे. जाळी नसल्यास केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यांच्या कडेस ठेवावे. पान करपले की झाले. ही दुसरी रीत आम्हांस अधिक आवडते, कारण पानाचा ओलावा मांस कोरडे होऊ देत नाही. खाताना पायाचा जाड पेर दोन्ही टोकांस मोडून एका बाजूने फुंकर घातली असता मांसाची अखंड कांडी बाहेर येते. चमचे-काटे येथे निरुपयोगी आहेत. बोटे व दात ह्यांचे हे काम आहे आणि पाहुण्यांपुढेही ते तसेच करावे.

एक सूचना माता-पित्यांस. काही मुलांस खेकडा, कोळंबी ह्यांच्या मांसातील एका प्रथिनाचे वावडे असते. हे प्रथिन उकडून किंवा भाजून नाहीसे होत नाही. प्रथमच खाणाऱ्या मुलास लहानसा तुकडा देऊन पाहावे. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर विलंब न लावता इस्पितळ गाठावे.

वेगळी ठेवलेली पायांची टोके पाट्यावर ठेचून, पाणी घालून, फडक्यातून गाळून घेतली की जो रस निघतो तो रस्स्याचा प्राण होय. तो कच्चाच आहे हे विसरू नये. वरून शेवटी ओतून लगेच वाढण्याची चाल काही घरांत असते. त्याऐवजी तो फोडणीनंतर आरंभीच घालावा व रस्स्याबरोबर दहा-पंधरा मिनिटे चांगला उकळू द्यावा. उरलेली कवचे उकिरड्यावर टाकली तर कुत्री-मांजरे ती ओढून अंगणभर करतात. त्यांत चुन्याचा अंश पुष्कळ असतो. कुटून नारळाच्या किंवा लिंबाच्या आळ्यात हातभर खोल पुरावी, आणि निखाऱ्यांवर पाणी ओतून राख गार झाल्याची खात्री करून मगच मुलांस अंगणात सोडावे.