तुटलेलं बोट थेट बर्फात टाकू नका!

सुट्टीत गावी गेलात की भाचरं-पुतणे दिवसभर तुमच्या मागे. गोठ्यात कडबाकुट्टीचं मशीन, नाक्यावर रसवंतीचा चरक, अंगणात स्टँडवर लावलेली बाईक आणि तिची चेन. चिमुकला हात आत जायला एक सेकंद पुरतो. आणि तेव्हा 'शिकलेला' म्हणून घरचे सगळे तुमच्याच तोंडाकडे बघणार!

आधी मशीन बंद. मग रक्त. रक्तदान शिबिरात आपण 350 मिली देऊन वर बिस्कीट खातो ना? पंधरा किलोच्या मुलाच्या अंगात सगळं मिळून सव्वा लिटरही रक्त नसतं. त्यातलं 350 मिली गेलं तर जीवावर बेतू शकतं. म्हणून स्वच्छ रुमाल, ओढणी, जे मिळेल ते जखमेवर घट्ट दाबून धरा. दर मिनिटाला उचलून 'थांबलं का' बघायचं नाही. हळद, चहापावडर, चुना तर अजिबात नको. ते सगळं डॉक्टरांना नंतर उकरून काढावं लागतं. दाबूनही रक्त थांबत नसेल तरच जखमेच्या दोन-तीन बोटं वर, सांधा सोडून, रुंद पट्टा आवळा (सुतळी नको), वेळ लिहून ठेवा आणि मध्येच सैल करू नका. हाड बाहेर आलं असेल तर आत ढकलायचं नाही.

आता तुटलेला भाग. घाबरून लोक तो थेट बर्फात टाकतात, आणि तिथेच घोळ होतो. बर्फ लागून पेशी मरतात. सलाईनने, नाहीतर स्वच्छ पाण्याने ओलसर केलेल्या कापडात तो गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात ठेवा. कातडीला लटकत असेल तर तोडू नका.

असं थंड ठेवलेलं बोट बारा तासांनंतरही जोडता येऊ शकतं. पण मनगटाच्या वरचा हात तुटला असेल तर घड्याळ फार जोरात पळतं, कारण त्यातल्या स्नायूंना रक्ताशिवाय सहा तासांपलीकडे निभावणं कठीण. त्यामुळे 108 ला फोन लावतानाच दुसऱ्याने मोठ्या हॉस्पिटलला विचारावं, 'मायक्रोसर्जरी करणारे प्लॅस्टिक सर्जन आत्ता आहेत का?' निम्मा वेळ या दारातून त्या दारात जाण्यातच जातो. आणि हो, मूल कितीही रडलं तरी पाणी-बिस्कीट देऊ नका, भूल द्यायची असते.

मुलांच्या रक्तवाहिन्या दोऱ्यासारख्या बारीक, शिवायला कठीण. पण मज्जातंतू मोठ्यांपेक्षा चांगले भरून येतात, म्हणून सर्जन मुलांच्या बाबतीत सहसा प्रयत्न सोडत नाहीत. पूर्ण तुटलेला हात जोडण्याचं जगातलं पहिलं यशस्वी ऑपरेशन झालं तेही एका 12 वर्षांच्या मुलावर. मे 1962, बोस्टन. मालगाडीवर चढताना त्याचा उजवा हात खांद्याजवळ तुटला होता. डॉ. रोनाल्ड माल्ट यांच्या टीमने त्या दिवशी हाड आणि रक्तवाहिन्या जोडल्या. मज्जातंतूंसाठी काही महिन्यांनी त्याला पुन्हा टेबलवर घ्यावं लागलं.